नाव एक, बदली अनेक



आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने या व्यासपीठावरून संगणकाविषयी बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडे शिकलो, ते सभासदांच्या नोंदवहीपायी शिकलो. तेव्हा विद्वत्ता नव्हे, एक अनुभव सांगतो.

गिरणगावात ‘बदली’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नसे. कायम कामगार आला नाही, की त्याच्या मागावर बदलीवाला उभा राही. माग तोच, काम तेच. हात मात्र दुसरा. युनिक्सच्या जातीच्या संगणकांतही अशीच बदलीची पद्धत आहे.

तेथे हवे ते काम त्याच्या नावाने टंकून सांगता येते. ‘ऑक’ हे असेच एक नाव. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी बेल प्रयोगशाळेत १९७७ साली ही भाषा घडवली आणि आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवले. रकान्यांच्या याद्या वाचाव्यात, त्यांचा हिशेब मांडावा, हे तिचे काम. पुढे तेच काम करणारे निरनिराळे प्रोग्रॅम निघाले. त्यांतला ‘मॉक’ लहान आणि चपळ. ‘गॉक’ अंगाने मोठा, पण अधिक जाणता.

मग ‘ऑक’ अशी हाक मारली, तर हजर कोणी व्हायचे? १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन यंत्रणेत याची व्यवस्था अशी आहे : ‘ऑक’ या नावाच्या जागी प्रोग्रॅम नसतोच, नुसती पाटी असते. ती ‘ऑल्टरनेटिव्हज’ नावाच्या खात्यातल्या दुसऱ्या पाटीकडे बोट दाखवते आणि ती दुसरी पाटी खऱ्या प्रोग्रॅमकडे. माणूस बदलायचा झाला, की ही मधली पाटी तेवढी फिरवायची. प्रत्येक उमेदवाराला गुण असतात. मॉकला ५, गॉकला १०. यंत्रावर सोपवले, तर अधिक गुणांचा उमेदवार नेमला जातो. आपण हाताने निवड केली, तर मागाहून कितीही गुणांचा उमेदवार येवो, यंत्र त्या निवडीस हात लावत नाही. सही झालेल्या करारासारखेच ते!

आता आमची फजिती ऐका. २०१९ साली युनियनचा जुना संगणक मोडला. नव्यावर डेबियन बसवली. नोंदवहीचे काम पहिल्यासारखेच चालू झाले. यंत्राने एका शब्दाची तक्रार केली नाही. यादी छापून आम्ही फलकावर लावली. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त सभासद दारात उभे. म्हणाले, “कॉम्रेड, युनियननं मला काढलं काय?” यादीत त्यांचे नाव अर्धेच होते, आडनावाचा पत्ताच नव्हता. तीस वर्षे वर्गणी भरलेल्या माणसाचा तो प्रश्न आम्हांस अजून टोचतो.

शोध घेतला, तेव्हा कळले, की जुन्या यंत्रावर गॉक होता आणि नव्यावर एकटा मॉक. यंत्राची मांडणी युनिकोडची असली, की गॉक चिन्हे मोजतो. आमचा मॉक बाइट मोजत होता. देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘कामगार’ हा शब्द काने धरून गॉकच्या हिशेबी ६, मॉकच्या हिशेबी १८! नावाचा रकाना आम्ही २० चा ठेवला होता. मॉकने जेमतेम सहा-सात चिन्हांवर कात्री चालवली. त्यात मॉकचा दोष नाही. बदलीवाल्यास कामाची अट न सांगणारे आम्ही, दोष आमचा.

गॉक आणून बसवला. गुण अधिक, म्हणून पाटी आपोआप फिरली. पण तेवढ्यावर आम्ही थांबलो नाही. उद्या कोणी गॉक काढून टाकला, तर मुकाट्याने पुन्हा मॉक उभा राहील. हाताने केलेली निवडसुद्धा, निवडलेला प्रोग्रॅमच नाहीसा झाल्यावर टिकत नाही. म्हणून नोंदवहीच्या प्रोग्रॅमात ‘ऑक’ खोडून स्पष्ट ‘गॉक’ असे लिहिले. आता तो नसेल, तर काम अडेल आणि यंत्र ओरडेल. मुकाट्याने चुकणाऱ्या कामापेक्षा अडलेले काम बरे!

आणखी एक गोष्ट. मधली पाटी फिरवली, की त्या यंत्रावरच्या साऱ्यांसाठी फिरते. म्हणून तो अधिकार व्यवस्थापकाचा. एखाद्याला एकट्यालाच निराळा प्रोग्रॅम हवा असेल, तर त्याने आपल्या खात्यात आपली पाटी लावावी आणि यंत्राने प्रथम तेथेच पाहावे, असे सांगून ठेवावे. एकाच्या सोयीसाठी सगळ्यांचा माणूस बदलू नये.

सामाईक नाव ही मोठी सोय आहे; तिच्यामुळे जुने काम नव्या हातांनी चालू राहते. पण त्या नावामागे आज कोण उभा आहे, हे ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्हज’ या आज्ञेला एकदा विचारून घ्यावे. यादीतले प्रत्येक नाव हा एक माणूस असतो. त्या सभासदांचे पुरे नाव आम्ही दुसऱ्याच दिवशी फलकावर लावले आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवले.