रोजमेळ, संगणक आणि मालकाची जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नागपूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्यापुढे चार विचार मांडण्याची संधी दिलीत, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. ‘आधुनिक व्यवसायातील संगणक सुरक्षा आणि नेतृत्व’ असा विषय मला देण्यात आला आहे. विषयाचे नाव जड असले, तरी इतवारी, गांधीबाग, सीताबर्डी येथे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मर्म नवे नाही. रोजमेळ जुळविल्याशिवाय पेढी बंद करायची नाही, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक होता. गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांत फरक पडला, तर तो सापडेपर्यंत मुनीमजी उठत नसत. आज वहीची जागा संगणकाने घेतली आहे. परंतु रोजमेळाची गरज संपलेली नाही. हे मी आपल्याच राज्यात घडलेल्या एका घटनेच्या आधारे सांगू इच्छितो.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, देशातील जुन्या व मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुटीचा दिवस होता. त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंतच्या अवघ्या काही तासांत, बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले. या व्यवहारांची संख्या १२ हजारांच्या घरात होती. त्याच अवधीत कोल्हापूरसह देशातील काही शहरांतून आणखी सुमारे अडीच कोटी रुपये गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांनी परदेशी रकमांचे आदेश पाठविण्याच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून खोटे आदेश काढून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली.

हे घडले कसे? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र आपल्या बँकेला विचारते की, या खात्यात पैसे आहेत काय? बँकेची मध्यवर्ती प्रणाली खाते पाहून होकार किंवा नकार देते. चोरट्यांनी घातक प्रणालीच्या साहाय्याने या दोहोंच्या मधोमध स्वतःचा एक बनावट दुवा बसविला. पैसे मागणारी विचारणा बँकेच्या खातेवहीपर्यंत पोहोचलीच नाही. वाटेतल्या या तोतयानेच परस्पर होकार दिला. म्हणूनच ग्राहकांच्या खात्यातून एक रुपयाही वजा झाला नाही आणि तरीही बँकेचे पैसे गेले. जुन्या भाषेत सांगायचे, तर गल्ल्यावरचा माणूस वही न पाहताच रोकड देत राहिला, आणि वही मात्र स्वच्छ दिसत राहिली.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आपल्या २०१९च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. पण ही माणसे साखळीच्या शेवटच्या टोकाची होती.

बंधूंनो, या घटनेकडे केवळ तांत्रिक दोष म्हणून पाहिले, तर तिचा खरा बोध निसटतो. खात्यातून नावे न पडलेली रक्कम एटीएममधून बाहेर जात असेल, तर दोन्हींचा मेळ घालताच ती विसंगती उघडी पडते. मग प्रश्न उरतो तो एवढाच : सुटीच्या दिवशी तो मेळ कोण घालणार? आणि विसंगती दिसल्यास कोणालाही न विचारता व्यवहार थांबविण्याचा अधिकार कोणाला? हे दोन्ही प्रश्न संगणक तंत्रज्ञाचे नाहीत, मालकाचे आहेत. तंत्रज्ञ कुलूप बसवू शकतो. दुकान बंद करण्याचा हुकूम तो देऊ शकत नाही. नुकसान झाल्यावर आपण संगणक चालविणाऱ्या मुलाला बोल लावतो. पण आदल्या दिवशी त्याला तो अधिकार दिला होता काय, हे स्वतःला विचारत नाही.

चोरट्यांनी सुटीचा दिवस साधणे हा योगायोग नसतो. फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लक्ष डॉलर असेच गेले. तेथे शुक्रवारची साप्ताहिक सुटी, न्यूयॉर्कची शनिवार-रविवारची सुटी आणि मनिलातील चिनी नववर्षाची सुटी अशी साखळी हेरण्यात आली होती. आपल्याकडेही दिवाळीत दुकाने बंद असतात. संगणक मात्र चालूच असतात.

कॉसमॉसच्या घटनेनंतर, ऑक्टोबर २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. त्यात हे धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे, अशी अट आहे. म्हणजे जबाबदारी सर्वांत वरच्या खुर्चीवर ठेवण्यात आली. आपल्यापैकी जे सहकारी बँका, पतसंस्था वा शिक्षणसंस्था यांच्या मंडळांवर आहेत, त्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.

हे संकट बँकांपुरतेच नाही. जानेवारी २०२३मध्ये आपल्याच नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या स्फोटके बनविणाऱ्या कंपनीची माहिती चोरल्याचा दावा एका खंडणीखोर टोळीने केला होता. आणि जून २०१७मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला जगभर पसरला, तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका संगणक प्रणालीतून! मर्स्क या जहाज कंपनीचे काम ठप्प झाले. तिच्याशी संलग्न असलेला जवाहरलाल नेहरू बंदरातील धक्काही त्यात अडकला. कंपनीने १० दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले. ते शक्य झाले, कारण घाना देशातील तिच्या कार्यालयातील एक यंत्र वीज गेल्याने त्या वेळी बंद होते आणि त्यातील माहिती शाबूत राहिली. एवढ्या मोठ्या कंपनीला दैवाने हात दिला. आपल्या पेढीची प्रत दैवावर सोडायची काय?

म्हणून काही सूचना नम्रपणे करतो. हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या साधनावर घ्यावी, ते साधन काम होताच संगणकापासून काढून ठेवावे, आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतो की नाही, हे पाहावे. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र संगणकावर आले, तर त्यातील क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. मगच रक्कम पाठवावी. मोठ्या रकमेचा आदेश तयार करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असावा. मुलाने व वडिलांनी एकच पासवर्ड वापरू नये. लहानशा पेढीतही या कामाची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी, तिला मालकाशी थेट बोलता यावे आणि संशय येताच व्यवहार रोखण्याची मुभा असावी. तिने रोखलेला व्यवहार पुढे निर्दोष निघाला, तरी तिला रागावू नये; एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल.

फसवणूक झालीच, तर लाजेपोटी लपवू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी गोठविता येण्याची शक्यता असते. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

व्यापाऱ्याची खरी पुंजी म्हणजे त्याची पत. ग्राहकाचे नाव, त्याची उधारी, त्याचा पत्ता ही सारी माहिती त्याने विश्वासाने आपल्या हाती दिलेली ठेव होय. ती सांभाळण्याचे काम पगारी नोकराकडे देता येते. तिचा जाब मात्र मालकालाच द्यावा लागतो. या दिवाळीत वहीपूजन करताना पुढच्या सुटीच्या दिवशी मेळ कोण पाहणार, त्याचे नाव त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.