उपकारक जीवाणू आणि दीर्घकालीन व्याधी

(दिघी, ता. श्रीवर्धन, जि. रायगड येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांच्या सभेत एका वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून इकडे येत असता एका सहप्रवाशाने खिशातून एक पाकीट काढून माझ्या हाती दिले आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, यात पोटातले चांगले जंतू असतात म्हणे. मला बारा वर्षे मधुमेह आहे. हे घेत राहू का?" राजपुरीची खाडी ओलांडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात या प्रश्नाचे पुरते उत्तर देणे मला जमले नाही. हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, यकृताचा विकार, वर्षानुवर्षे बिघडलेले पोट अशा व्याधी घेऊन जगणारी माणसे आज प्रत्येक वाडीत आहेत, आणि मुंबईहून येणारा नातेवाईक फळांच्या बरोबरीने अशी पाकिटेही घेऊन येतो. म्हणून ते उत्तर आज आपल्यापुढे सविस्तर मांडतो.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, आणि त्यांतील बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो. आपल्याला न पचणारा धान्य, डाळी व भाज्यांतील चोथा ते आंबवतात. त्यातून निघणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या आतील अस्तराचे पोषण होते. बाहेरून पोटात घेण्याच्या अशा जिवंत जीवाणूंना 'प्रोबायोटिक' म्हणतात. आपण त्यांना उपकारक जीवाणू म्हणू. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली त्यांची जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत. जीवाणू जिवंत असले पाहिजेत, ते पुरेशा प्रमाणात असले पाहिजेत, आणि त्यांचा प्रकृतीला लाभ होतो हे दिसून आले पाहिजे. बाजारातील पुष्कळसा माल या तिसऱ्या अटीपाशी अडखळतो.

कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मत मांडले की, बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबट दुधामुळे. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी होते, दह्यासाठी नव्हे. जाहिरातींत या दोन गोष्टींची सरमिसळ होते. आपल्याकडे तर आयुर्वेदाने ग्रहणी व मूळव्याध या विकारांत ताकाची महती फार पूर्वीच सांगितली आहे.

आता प्रश्न असा की, घरचे दही-ताक हेच प्रोबायोटिक नव्हे काय? शास्त्रीय काटेकोरपणाने पाहिल्यास त्याला तसे म्हणता येत नाही. शेजारणीकडून आणलेल्या विरजणात कोणते जीवाणू आहेत व किती आहेत, हे कोणी मोजलेले नसते. परंतु म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. ज्यांना दूध पचत नाही अशा पुष्कळांना दही पचते, कारण दह्यातील जीवाणू दुधातील साखर पचवायला मदत करतात. ही गोष्ट नीट सिद्ध झालेली आहे. आंबोळी व आंबील ही आंबवलेली असली तरी तव्यावर वा चुलीवर शिजली की त्यांतील जीवाणू मरतात. अन्न म्हणून ती उत्तमच आहेत. जिवंत जीवाणूंचा पुरवठा म्हणून मात्र त्यांच्याकडे पाहू नये. ताकाच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. रक्तदाब असलेल्याने मीठ घातलेले ताक आणि खारवलेली सुकी मासळी एकाच जेवणात घेतली, तर मिठाचा हिशेब सांभाळणे कठीण जाते. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या रुग्णाने दही, ताक व डाळी किती घ्याव्यात हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी या तिन्हींची मर्यादा त्याला सांभाळावी लागते.

पाकिटांकडे वळू. जीवाणूचे नाव माणसाच्या नावासारखेच तीन भागांचे असते. आपल्या भागात नुसते 'म्हात्रे' म्हणून चौकशी केली तर कोणाचाच पत्ता लागणार नाही. नाव सांगावे लागते, आणि एकाच नावाचे दोघे असले तर वाडीही सांगावी लागते. तसेच कुल, जाती आणि त्यापुढे उपप्रकाराचा क्रमांक किंवा खूण. 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' एवढेच लिहिलेले पुरेसे नाही, पुढे 'जीजी' हवे. प्रयोगात गुण आला तो त्या विशिष्ट उपप्रकाराचा असतो, त्याच्या भावकीचा नव्हे. 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस' हे नाव आपल्याकडे वर्षानुवर्षे वेष्टनांवर छापले गेले. वास्तविक तो जीवाणू त्या कुलातला नसून 'बॅसिलस कोअॅग्युलन्स' आहे. त्यात भर म्हणजे २०२० साली शास्त्रज्ञांनी मूळ लॅक्टोबॅसिलस कुलाचीच फोड करून त्याची २५ कुले केली. त्यामुळे एकाच जीवाणूची जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे दुकानात दिसतात. गोंधळून जाऊ नये, उपप्रकाराची खूण पाहावी.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि केंद्र शासनाचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वेष्टनावर जीवाणूचे संपूर्ण नाव, मुदत संपण्याच्या दिवशीही जिवंत राहणाऱ्या जीवाणूंची किमान संख्या आणि साठवणीचे तापमान असावे, असे त्यांत सांगितले आहे. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या मालासाठी २०१६ च्या केंद्रीय विनियमांत रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीवाणूंची अट आली. 'उत्पादनाच्या वेळी इतके कोटी' या शब्दांना फारसा अर्थ नाही. कारखान्यात जिवंत असलेला जीवाणू आपल्या हाती येईपर्यंत जिवंत राहिला की नाही, हे महत्त्वाचे. आणि मोठा आकडा म्हणजे मोठा गुण असेही नाही. ज्या मात्रेत प्रयोग झाला, ती मात्रा हवी.

साठवणीचा मुद्दा कोकणात विशेष महत्त्वाचा आहे. काही जीवाणू बीजाणूच्या रूपात असतात. ते उष्णता बऱ्यापैकी सोसतात. बाकीच्या बहुतेकांना थंडावा लागतो. मे महिन्यात मोटारीच्या डिकीतून मुंबईहून दिघीपर्यंत आलेल्या पाकिटात जिवंत काय उरले असेल, याचा विचार विकत घेण्यापूर्वीच करावा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि गावोगावी कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपण विसरला नसाल. तशा वेळी घरात थंड जागा एकच असेल, मग ती मातीच्या माठाजवळची का असेना, तर तिथे इन्शुलिन ठेवावे. जीवाणूंचे पाकीट बाहेर राहिले तरी चालेल.

आता गुणाविषयी. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ही मुले पुरेशा वजनाची व जवळजवळ पूर्ण दिवसांची होती. त्यांना सात दिवस एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे खाद्य असलेली एक शर्करा दिली गेली. त्यामुळे रक्तदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. कोलकात्याच्या झोपडवस्तीत ३,७५८ मुलांना १२ आठवडे जीवाणूयुक्त पेय दिल्यावर अतिसार १४ टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली दिसून आले. याउलट अमेरिका व कॅनडा येथे जुलाब-उलट्या झालेल्या मुलांवरील दोन मोठ्या प्रयोगांत, २०१८ साली, काहीही फरक आढळला नाही. जीवाणू वेगळे, वस्ती वेगळी, मुलांचा आहार वेगळा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनीही २०१६ साली दाखवून दिले की, भारतीयांच्या आतड्यांत काही जीवाणूंचे प्राबल्य इतर देशांतील लोकांपेक्षा अधिक असते. तेव्हा परदेशातील गुण जसाच्या तसा येथे येईल, असे धरून चालू नये. आणि मुलांच्या जुलाबांत मीठ-साखरेची क्षारसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या यांची जागा कोणतेही पाकीट घेऊ शकत नाही.

दीर्घकालीन व्याधींत चित्र आणखी धूसर आहे. मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहात काही ठरावीक जीवाणूंचा उपयोग दिसला आहे. १९१७ साली जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसले यांनी एका सैनिकापासून मिळवलेला 'ई. कोलाय निसले' हा त्यांपैकी एक. आटोक्यात आलेला रोग पुन्हा उसळू नये म्हणून तो नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरला. क्रोहन रोगात मात्र असा लाभ सिद्ध झालेला नाही. पोटात वारंवार कळ येणे, फुगणे, कधी जुलाब तर कधी मलावरोध या संवेदनशील आतड्याच्या विकारात काहींना आराम पडतो, काहींना पडत नाही. तेथे ब्रिटनमधील मार्गदर्शनाची रीत मला पसंत आहे: एक उत्पादन निवडावे, किमान चार आठवडे नियमाने घ्यावे, लक्षणांची नोंद ठेवावी आणि फरक न पडल्यास बंद करावे. मधुमेहात रक्तशर्करा थोडी उतरल्याचे काही प्रयोग आहेत. पण गोळी वा इन्शुलिन सोडावे असे त्यांतील एकही सांगत नाही. अमेरिकेतील पचनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सर्व पुरावा तपासून बहुतेक पचनविकारांत जीवाणूंची शिफारस करण्याचे टाळले, हे येथे नमूद केले पाहिजे. प्रतिजैविकांबरोबर हे जीवाणू सरसकट देण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. जुलाब टाळण्यासाठी काही प्रसंगी त्यांचा उपयोग होतो खरा. पण इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ सालच्या एका छोट्या अभ्यासात असेही दिसले की, त्यांच्यामुळे आतड्यातील मूळचे जीवाणू परत यायला उलट अधिक वेळ लागला.

'खाल्ले तर बरे, अपाय तर नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना असे जीवाणू देऊन पाहिले गेले. २००८ साली निकाल आला: जीवाणू दिलेल्या १५२ रुग्णांपैकी २४ दगावले, न दिलेल्या १४४ पैकी ९. निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. परंतु कर्करोगाची औषधे चालू असलेला, अवयवरोपण झालेला, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारा, किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेला रुग्ण यांच्या रक्तात हेच 'चांगले जंतू' शिरू शकतात. अशा घरी पाकीट नेऊन देण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. येथे रुग्णांची एक खोड आड येते. ताकाला जावे आणि भांडे लपवावे, तसे सगळी औषधे टेबलावर मांडतात आणि हे पाकीट मात्र पिशवीतच ठेवतात.

दुसरा धोका विलंबाचा आहे. महिनोन्‌महिने जुलाब, शौचावाटे रक्त, उतरते वजन, पांढरे पडलेले डोळे, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई, सायंकाळचा ताप, यांपैकी काहीही असल्यास पाकिटाचा प्रयोग करू नये. आपल्या देशात आतड्यांचा क्षयरोग दुर्मिळ नाही. तो पूर्ण बरा होतो, पण वेळेवर ओळखला तर. उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलली तर कर्करोगाची शंका प्रथम फेडून घ्यावी लागते.

पैशाचाही विचार आहे. महिन्याची पाकिटे घेण्यात निवृत्तिवेतनाचा लचका तुटतो, आणि घेणे थांबवले की हे पाहुणे जीवाणू बहुधा थोड्या दिवसांत वा आठवड्यांत निघून जातात. घरच्या जीवाणूंना खाऊ घालणे त्याहून स्वस्त पडते. नाचणी, वाल, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, पालेभाज्या यांत त्यांचे खाद्य आहे. अलिबागच्या ज्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यातही इतर कांद्यांप्रमाणे इन्युलिन-जातीची शर्करा असते. ओडिशातील अर्भकांना जीवाणूंच्या जोडीला दिलेली शर्करा त्याच घराण्यातली. मात्र संवेदनशील आतड्याच्या काही रुग्णांना कांदा व वाल यांनीच पोट फुगते, त्यांनी आपले आपण पाहून ठरवावे.

फेरीबोटीवरील त्या गृहस्थांची हकीगत पुरी करतो. पाकीट त्यांनी जुलाबांसाठी घेतले होते. जुलाब कधीपासून, असे विचारता कळले की मेटफॉर्मिनची मात्रा वाढवल्यापासून, आणि ती गोळी ते पहाटे रिकाम्या पोटी घेत. त्या गोळीने अनेकांना जुलाब होतात. जेवणासोबत घेतल्यास किंवा डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारा प्रकार दिल्यास ते बहुधा कमी होतात. गृहस्थांनी मात्र मनाने गोळी निम्मी केली आणि तिच्या जागी पाकीट आणले. त्यानंतर त्यांनी साखर तपासलेली नाही. बारा वर्षे मेटफॉर्मिन चालू असल्याने 'ब-१२' जीवनसत्त्वही पाहून घ्यायला हवे. गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच आणि जेवणासोबत घ्या, असे मी त्यांना सांगितले. पाकीट ठेवायचे की नाही ते तपासणीनंतर ठरवू. आशाताई, ते याच गावचे आहेत. तपासणीच्या दिवशी त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिरात घेऊन या, आणि घरातली सगळी पाकिटे, पिशवीतलीसुद्धा, बरोबर आणायला सांगा.