जुन्या गाडीची वही

(रौप्यमहोत्सवी वर्षात, कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



दूध आटायला अजून अर्धा तास आहे, तेवढा वेळ तुम्ही भरून काढा, असा मला हुकूम आहे. विषयही ठरवून दिलाय. म्हणाले, "गुरुजी, शिक्षणावर नको, तुमच्या गाडीवर बोला." चाळीस वर्षं ज्याने फळ्यासमोर उभं राहून भूगोल शिकवला, त्याची ओळख शेवटी गेटजवळ उभ्या असलेल्या पांढऱ्या मारुतीवरून व्हावी, यात काय ते समजा.

पण योगायोग बघा. आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली आणि त्या गाडीच्या आरसी बुकावरही तेच साल आहे. म्हणजे यंदाचा रौप्यमहोत्सव दोघींचा. सोसायटीला रंग लागला, मंडप पडला, स्मरणिका निघतेय. गाडीला आलीय ती आरटीओची तारीख. त्याचं शेवटी सांगतो.

माझ्या लहानपणी गाडी म्हणजे फियाट. गावात एखादी आली की आम्ही पोरं धुरळ्यातून मागे पळायचो. ती गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची आणि तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली जन्मले आपल्या सोलापुरात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी त्यांनी काढली १९४४ साली. मग १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली आणि मास्तर-कारकुनांनाही गाडीची स्वप्नं पडायला लागली. मला ते स्वप्न पडून खरं व्हायला २००६ उजाडलं. सोलापूरच्या एका डॉक्टरांची सहा वर्षं वापरलेली गाडी घेतली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरची. थंडीत चोक ओढल्याशिवाय जागी होत नाही. गाडी दारात आली त्या संध्याकाळी सौ.ने नारळ फोडला आणि माझ्या हातात एक शंभर पानी वही ठेवली. म्हणाली, "ही किती खाते ते लिहीत जा."

ती वही आज बरोबर आणलीय. खरं तर आता ही तिसरी वही आहे.

पहिल्या पानांवर माझ्या मूर्खपणाचीच नोंद जास्त. एकदा सकाळी किल्ली फिरवली तर नुसता कट-कट आवाज. मी म्हटलं, बॅटरी गेली. नवी आणली, बसवली. जुनी घेऊन मेस्त्रींकडे गेलो तर ते हसले. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी साचली होती, इतकंच. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतला, तारेच्या ब्रशने घासलं, कोरडं करून व्हॅसलीन लावलं की काम झालं. पोरांनो, हे करताना आधी वजा टोक सोडायचं आणि जोडताना ते शेवटी जोडायचं, नाहीतर पान्याने ठिणगी उडते. वहीत त्या दिवशी मी लिहिलंय, 'बॅटरी नवी. गरज नव्हती.'

दुसरी नोंद पाण्याची. आपल्या बोअरच्या पाण्याने सोलर हीटरच्या नळ्या कशा पांढऱ्या होतात ते तुम्ही बघता. गिझरची कॉइल सोलायला लागते. तेच पाणी मी दोन वर्षं रेडिएटरमध्ये ओतत होतो. मे महिन्यात सोलापूरला सात रस्त्याच्या गर्दीत काटा लाल रेघेवर गेला. मी उतरलो, बाटलीतलं पाणी घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो. तेवढ्यात एक रिक्षावाला ओरडला, "ओ मामा, तोंड भाजून घेताय काय!" त्याने वाचवलं. गरम रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल केलं की ते उकळून अंगावर येतं. अर्धा तास सावलीत थांबायचं, बोनेट उघडं ठेवायचं, मगच बघायचं. त्या वेळी दोन दोष निघाले. आत क्षार बसला होता आणि पंखा चालू करणारा स्विचही गेला होता. तेव्हापासून कूलंट, आणि मिसळायला डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी फक्त काचा धुवायला.

उंदरांचं काय सांगू! आजूबाजूला ऊस आणि ज्वारी, शिवाय चारही बाजूंनी शेतं तोडली जातात तेव्हा उंदीर येणार कुठे? आमच्याकडेच. बोनेटखाली उबदार, वर वायरींचा फराळ. डांबरगोळ्या झाल्या, तंबाखूची पानं झाली. तंबाखूचा थोडा गुण येतो असं माझं मत आहे, सौ.चं मत वेगळं आहे. खरा उपाय म्हणजे गाडी आठवडाभर उभी न ठेवणं आणि दर रविवारी बोनेट उघडून आत डोकावणं.

असं करत करत बल्ब, फ्यूज, वायपरचं रबर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग साफ करणं, स्टेपनी बदलणं, एवढं मी घरी करायला शिकलो. हात काळे व्हायचे आणि मनाला बरं वाटायचं. पैसे वाचतात याचा एक कैफ चढतो, मंडळी. त्या कैफाचीच गोष्ट मला आज सांगायची आहे, एरवी मी बोलायला उभा राहिलो नसतो.

२०१४ चा मे. सुट्टीत विजापूरचा गोल घुमट दाखवायला शेजारच्या अण्णांची दोन पोरं आणि आमचा नातू, अशी फौज घेऊन मी गेलो होतो. परत येताना दुपारचे तीन वाजले असतील. रस्ता तव्यासारखा तापलेला. भीमा ओलांडून आपल्या हद्दीत आलो आणि पुढचं डावं टायर फुटलं. फटाक्यासारखा आवाज, स्टेअरिंग हातातून ओढल्यासारखं झालं. मी ब्रेक दाबला नाही. ते शहाणपण नव्हतं, पाय आखडला होता. पण त्यामुळेच गाडी उलटली नाही, असं नंतर मेस्त्री म्हणाले. बाभळीच्या झुडपात जाऊन थांबलो. मागून येणारा ट्रक आमच्या शेजारून हॉर्न देत निघून गेला. धाकटा पोरगा रडलाही नाही, नुसता माझ्याकडे बघत होता.

त्या टायरची नक्षी चांगली होती, म्हणून मी ते बदललं नव्हतं. मेस्त्रींनी दोनदा सांगितलं होतं. वहीत तशी नोंदच आहे, माझ्याच अक्षरात: 'टायर बदला म्हणतात. अजून एक वर्ष चालेल.' टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, ते त्या दिवशी मी पहिल्यांदा वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. माझ्या टायरवर २३०७ होतं. म्हणजे २००७ सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षं आपल्या उन्हात रबर भाजत होतं आणि मी नक्षी बघत होतो.

अण्णांनी मला एक शब्द सुनावला नाही. उलट चहा पाजला. पण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला निघालो आणि मी म्हटलं, पोरांना पाठवा गाडीत. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या गुरुजी, पोरं एसटीनं येतील." माझी गाडी रिकामी गेली. त्या दिवशीची नोंद वहीत नाही.

तेव्हापासून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी दोन रकाने आखले. एका बाजूला घरी करायची कामं, दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही अशी. ब्रेक, स्टेअरिंग, टायर, पेट्रोलची नळी. या चारांत काटकसर नाही आणि 'अजून एक वर्ष' हे शब्द नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलतो. टायर नक्षी असो वा नसो, पाच वर्षांनी जातात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल. अभिमान वाटतो, पण जुन्या गाडीतलं रबर त्याला टिकत नाही. म्हणून यंदा नळ्या सगळ्या नव्या घातल्या. गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला तर उदबत्ती लावू नका, गाडी घेऊन तडक मेस्त्रींकडे जा.

आणि एक, सीनेला परवाच पूर आला म्हणून सांगतो. सीनाकाठच्या लोकांचं जे गेलं त्यापुढे गाडी काहीच नाही. पण ज्यांच्या गाडीत पाणी शिरलं असेल त्यांनी किल्ली फिरवून 'चालू होते का बघू' करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो आणि इंजिन संपतं. ओढून न्या.

आता आरटीओचं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. २०२० ला मी ६०० रुपये भरले होते. यंदा ऑगस्टमध्ये नियम बदलला आणि वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाले. वर पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट. मुलगा पुण्याहून म्हणतो, बाबा, भंगारात द्या, मी नवी घेऊन देतो. तो चुकीचं बोलत नाही. सौ. वहीकडे बोट दाखवते. मी दोन रात्री हिशेब मांडला. गाडी ठेवायची तर पाच वर्षांत किती जाईल, आणि डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस अजून पाच वर्षं ती चालवेल का? पहिल्याचं उत्तर मिळालं. दुसऱ्याचं मला माझ्या मनाविरुद्ध शोधावं लागलं. रात्री गाडी चालवणं मी सोडलंय. सोलापूरच्या पलीकडे नेत नाही.

मग गेल्या महिन्यात अण्णांचा तो धाकटा, आता कॉलेजात जातो, दारात आला. म्हणाला, "आजोबा, मला गाडी शिकवाल का? हीच." मी म्हटलं, आधी वडिलांना विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः आले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आम्ही तिघं एसटी स्टँडपर्यंत जाऊन आलो. पोरगा क्लच फार जोरात सोडतो. अण्णा काही बोलले नाहीत, उतरताना फक्त टायरच्या कडेला वाकून आकडे वाचले.

नोंदणीचे पैसे भरलेत. पुढच्या महिन्यात आरटीओत तपासणी आहे. हँडब्रेकची केबल बदलायची राहिलीय, हॉर्न कधी वाजतो कधी नाही. आणि दसऱ्याच्या आधी माझा जॅक आपल्यापैकी कोणीतरी नेलाय. नाव विचारत नाही. पण तपासणीच्या आधी गेटवर वॉचमनकडे आणून ठेवा.

दूध झालं वाटतं.