चेंडू येण्याआधी



अध्यक्षीय भाषणात खेळाची सद्यःस्थिती, शासनाची उदासीनता आणि रखडलेलं अनुदान या विषयांवर बोलायची प्रथा आहे. उद्‌घाटकांनी सकाळी हे तिन्ही विषय संपवून टाकले, त्याबद्दल त्यांचा मी मनापासून ऋणी आहे. त्यामुळे मला एका अगदी लहान गोष्टीवर बोलता येईल. चेंडू खेळाडूकडे येतो, त्याच्या अंगाला पहिल्यांदा लागतो आणि पुढच्या सेकंदाला कुठे असतो, एवढाच माझा विषय. फर्स्ट टच.

आपण कोल्हापुरात जमलो आहोत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही संघांची नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की शहराचा निम्मा जीव तिथं असतो. फुटबॉलवर इतकं प्रेम करणारी गावं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 2017 साली आपल्या देशात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात याच मातीतला अनिकेत जाधव होता. हे सगळं अभिमानाचं आहे. पण त्याच स्टेडियमवर टाळी कशाला पडते, तेही बघा. बचावपटूनं उंच, लांब किक हाणली की गॅलरी उठते. तो चेंडू जिथं उतरतो, तिथं आपल्याच गड्याच्या नडगीवर आपटून चार हात लांब उडतो आणि विरोधकाला मिळतो. त्या क्षणी गॅलरीत कुणी हळहळतसुद्धा नाही, कारण सगळे पुढच्या किकची वाट बघत असतात. मैदानाच्या कडेला उभे असलेले पालकही ‘हाण, लांब हाण!’ एवढंच ओरडतात. मुलगा तेच शिकतो. त्याला दोष कसा द्यायचा?

आता तुम्ही-आम्ही प्रशिक्षक घेतो त्या सरावाकडे येऊ. संध्याकाळी कुठल्याही मैदानावर जा. वीस मुलं, समोरासमोर दोन रांगा, मध्ये एक चेंडू. पास द्यायचा, पळत समोरच्या रांगेच्या शेवटी जायचं. एका पासला तीन सेकंद धरले तर मिनिटाला वीस पास होतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला मिनिटाला एक स्पर्श. वीस मिनिटांच्या सरावात वीस स्पर्श, बाकीचा वेळ रांगेत उभं राहून एकमेकांना ढकलायचं. तेच मूल शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर एकटं चेंडू मारत बसलं, तर त्याच गतीनं वीस मिनिटांत चारशे वेळा चेंडू त्याच्या पायाला लागतो. म्हणजे भिंत आपल्यापेक्षा वीसपट चांगली प्रशिक्षक ठरते, आणि तिला मानधनही द्यावं लागत नाही.

चेंडू कमी आहेत, ही अडचण खरी आहे. पण ज्या संघाकडे चेंडूंची जाळी भरलेली असते, तिथंही रांगाच दिसतात. कारण रांग शिस्तीची दिसते. पदाधिकारी फेरी मारायला आले की त्यांना बरं वाटतं.

तंत्राचं थोडं बोलतो. इथं बसलेल्यांना ते ठाऊक आहे, तरी लहान वयात ते नेमकेपणानं सांगितलं जात नाही. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात चेंडूबरोबर किंचित मागे न्यावे लागतात, तसाच पाय न्यावा लागतो. चेंडू पायाला जितका जास्त वेळ चिकटून राहील, तितका त्याचा जोर मरतो. घोट्याचं हाड आणि अंगठ्याचं मूळ यांच्यामधली रुंद जागा चेंडूपुढे आणायची, पंजा जरा वर उचललेला, गुडघा सैल. पास देताना घोटा घट्ट हवा आणि घेताना त्यात थोडी ढील हवी. हा फरक मुलांच्या अंगात मुरायला महिने लागतात, कारण चेंडू वेगानं येताना दिसला की भीतीनं पाय आपोआप ताठतो. म्हणूनच चेंडूत हवा किती आहे, हे रोज तपासा. नियमाप्रमाणे पाच नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा असतो आणि त्यातला दाब 0.6 ते 1.1 वातावरणाच्या दरम्यान चालतो. आपल्याकडे पंप हातात आला की दगडासारखा टणक होईपर्यंत मारायची सवय आहे. आठ-नऊ वर्षांच्या पोराला असा टणक पाच नंबरचा चेंडू देऊन ‘कंट्रोल कर’ म्हणणं हा अन्याय आहे. त्याला तीन किंवा चार नंबरचाच द्या.

पण माझा खरा मुद्दा पायाचा नाही. पहिला स्पर्श बिघडतो तो बहुतेक वेळा चेंडू येण्याच्या आधीच.

4 जुलै 1998, मार्से. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, हॉलंड विरुद्ध अर्जेंटिना, 1-1 अशी बरोबरी. दोन्ही संघांचा एकेक गडी बाहेर गेलेला आणि सामना संपायला आलेला. हॉलंडच्या फ्रँक डी बोअरनं आपल्या अर्ध्यातून लांबच लांब चेंडू टाकला. त्याच्याच संघातला डेनिस बर्गकॅम्प पळत पळत हवेत उठला आणि उजव्या पायानं तो चेंडू खाली उतरवला. चेंडू अलगद त्याच्यासमोर पडला. दुसऱ्या स्पर्शानं त्यानं तो आत वळवून अर्जेंटिनाच्या आयालाला चकवलं आणि तिसऱ्यानं, पायाच्या बाहेरच्या बाजूनं, गोल केला. तीन स्पर्श, तिन्ही एकाच पायाचे. हा गोल मुलांना जरूर दाखवा, पण गोल दाखवून थांबू नका. चेंडू हवेत असताना बर्गकॅम्प काय करतोय, ते मागे घेऊन पुन्हा दाखवा. आयाला कुठून येतोय आणि गोलपोस्ट कुठे आहे, याचा अंदाज त्याला चेंडू पायाला लागण्याआधीच आलेला आहे. म्हणून दुसरा स्पर्श कुठे न्यायचा, हे पहिल्या स्पर्शातच ठरलेलं दिसतं.

नॉर्वेच्या गेर योर्देत या संशोधकानं इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले मिडफिल्डर चेंडू मिळण्याआधी किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतात, याचा अभ्यास केला. जास्त वेळा बघणाऱ्यांचे पास जास्त वेळा बरोबर जातात, असं त्यात आढळलं. बार्सिलोनाचा मिडफिल्डर चावी याचे जुने सामने बघा, त्याची मान एका जागी ठरतच नाही.

आपली मुलं मात्र चेंडूकडे एकटक बघतात, कारण आपणच ‘बॉलवर नजर ठेव’ म्हणून ओरडत असतो. मी काय करतो ते सांगतो. एक मुलगी मध्ये उभी. तिच्या समोर पास देणारी, पाठीमागे दहा पावलांवर मी. पास सुटायच्या आत मी काही बोटं वर करतो. तिनं खांद्यावरून बघून आकडा मोठ्यानं सांगायचा आणि मगच चेंडू घ्यायचा. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ होतो. आकडा बरोबर आला की चेंडू निसटतो, चेंडू सापडला की आकडा चुकतो. काही आठवड्यांनी तिचं अंग आपोआप आडवं व्हायला लागतं, म्हणजे ती पास देणारीकडे पूर्ण तोंड करून उभी राहत नाही, अर्धी वळलेली असते. मग चेंडू ती जवळच्या पायानं अडवण्याऐवजी लांबच्या पायावर येऊ देते आणि एका स्पर्शात पुढच्या दिशेला मोकळी होते. हे तिला मी वेगळं शिकवत नाही. बघायची सवय लागली की उभं राहायची ढब बदलते.

म्हणूनच चेंडू जागच्या जागी थांबवणं ही आपण पहिली पायरी मानतो, त्याला माझा विरोध आहे. तळव्याखाली दाबून थांबवलेला चेंडू फोटोत छान दिसतो. सामन्यात तेवढ्या वेळात विरोधक अंगावर येऊन पोचतो. फुटसलच्या लहान मैदानावर आणि कमी उसळणाऱ्या चेंडूला तळवा चालतो, तिथं तो हवाच. मोठ्या मैदानावर पहिला स्पर्श कुठेतरी घेऊन जाणारा असला पाहिजे. प्रशिक्षक योहान क्रायफनं 1988 नंतर बार्सिलोनात रोंदो नावाच्या ज्या खेळाला सरावाच्या केंद्रस्थानी आणलं, त्याचं मर्म हेच आहे. चौघं बाहेर चेंडू फिरवणारी, एक-दोघं आत तो हिसकावणारी, जागा इतकी कमी की आधी बघितलं नाही तर चेंडू गेलाच. त्याला साहित्य काय लागतं? चार चपला आणि एक चेंडू.

आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असं नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, ज्यांचं नाव ‘मैदान’ चित्रपटामुळे नव्या पिढीपर्यंत पोचलं, त्यांच्या हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 साली जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकला. रहीमसाहेबांनी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या होत्या. चेंडू घोळवत बसायचं नाही म्हटल्यावर खेळाडूला आधी बघून ठेवणं भागच पडतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका भारतीय शिक्षकानं जे केलं, ते आपण परदेशी प्रशिक्षक-परवान्याच्या वर्गात नव्यानं शिकतो.

अनवाणी खेळण्याचं कौतुक मात्र पुरे करू या. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी भारतीयांनी फ्रान्सला झुंजवलं आणि 2-1 नं हरले, हे आपण उगाळतो. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून 10-1 नं हरलो, ते सोयीनं विसरतो. पायाला चेंडू कळतो तो असंख्य स्पर्शांमुळे, बूट नसल्यामुळे नव्हे.

आता मैदानांचं. तासावर भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर चेंडू सरळ येतो, अपेक्षेएवढाच उसळतो. त्यावर वाढलेली मुलं खडीच्या मैदानावर बावरतात. खडबडीत मैदानावर वाढलेली मुलं सावध असतात, पण चेंडूवरची नजर काढायला घाबरतात. दोन्हीकडे खेळवा. पावसात चिखलातही खेळवा, तिथं चेंडू मध्येच अडकतो आणि त्याला सामोरं जावं लागतं, वाट बघून चालत नाही.

शेवटी एक मागणी. बारा वर्षांखालच्या मुलांना आपण अजूनही जिल्हा स्पर्धांत मोठ्या मैदानावर अकरा-अकरा उभं करतो. काही मुलं अख्ख्या सामन्यात मोजून पाच-सहा वेळा चेंडूला शिवतात आणि पदक घेऊन घरी जातात. येत्या हंगामापासून या वयोगटाच्या सगळ्या स्पर्धा लहान मैदानावर, पाच-पाच किंवा सात-सात खेळाडूंच्या आणि चार नंबरच्या चेंडूनं व्हाव्यात, असा ठराव संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात येतो आहे. गावोगावच्या मंडळांना तो आवडणार नाही, कारण चषक लहान वाटेल. सूचक म्हणून माझं नाव लिहिलेलं आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. जेवणाच्या सुट्टीत तुमच्यापैकी कुणीतरी कार्यवाहांकडे जाऊन तिथं सही करावी, एवढी विनंती करतो आणि थांबतो.