लिंक आली म्हणून अफवा खरी होत नाही



2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवरची साथ आली. भिवंडी, मालेगावातही रुग्ण सापडले, लहान मुलं दगावली. लसीकरण अपुरं होतं. त्याचं सगळं खापर मी अफवांवर फोडणार नाही. दवाखान्याची वेळ आणि मजुरीची वेळ एकच असेल तर आई बाळाला नेणार कधी? पण अफवा होत्याच. 2018 च्या गोवर-रुबेला मोहिमेत ‘ही लस घेतली की पुढे मूल होत नाही’ असं पसरवलं गेलं.

हे तपासायला डॉक्टर व्हावं लागत नाही. गोवरची लस 1985 पासून सरकारी लसीकरणात आहे. ती घेतलेली पिढी आज आपापल्या मुलांना शाळेत सोडायला जाते.

आपल्यासारख्या कॉलेजात शिकणाऱ्यांना मात्र वेगळी अफवा फसवते. ती इंग्रजीत असते, सोबत शोधनिबंधाची लिंक असते. ‘लसीमुळे ऑटिझम होतो’ हे त्यातलंच. मूळ लेख खरोखर ‘लॅन्सेट’मध्ये 1998 साली छापून आला होता. लिंक खरी, मासिकही नावाजलेलं. पण उघडून वाचलं तर कळतं, अभ्यास फक्त 12 मुलांचा. आणि 2010 मध्ये ‘लॅन्सेट’नेच तो मागे घेतला. हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. म्हणून मेसेजच्या आतच घुटमळू नका. दुसरी टॅब उघडा, लेखकाचं नाव टाका, इतर लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता घरचं. खालाजान घाबरल्या असतील तर फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘फेक आहे’ लिहून त्यांना गप्प करू नका. त्या पुन्हा विचारणार नाहीत, मेसेज मात्र पुढे पाठवतील. अविश्वासाला कधी कधी खरं कारणही असतं. 2011 मध्ये बिन लादेनचा माग काढायला सीआयएने अबोटाबादमध्ये लसीकरणाचं नाटक केलं, हे खरं आहे. त्या हे बोलल्या तर कबूल करा. मग इथली गोष्ट सांगा: आपल्या वॉर्डात कोणती लस देतात, कोण देतं, ती नर्सताई कोणत्या गल्लीत राहते.

गोवरची पहिली मात्रा 9 ते 12 महिन्यांत, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. घरात बाळ असेल तर आज रात्री त्याचं कार्ड काढून बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.