अक्षरांआधीची शिदोरी



३४ वर्षे पहिलीच्या वर्गात घालविल्यानंतर आज एका चुकीची कबुली देण्यास मी उभा आहे. माझ्या वर्गातील एक मुलगा धडा खडाखडा म्हणत असे. मी त्यास शाबासकी देई. वर्षअखेरीस एके दिवशी त्याच्या हातातील पुस्तक उलटे दिसले! फळ्यावर ‘घर’ एवढेच लिहिले, ते त्यास वाचता येईना. पाठांतरासच मी वाचन समजत आलो होतो. दोष त्याचा नव्हे, माझा होता.

पुढे मी क्रम बदलला. म, ग, र, न ही चारच अक्षरे प्रथम घेतली, तरी मगर, नगर, गरम, नरम हे शब्द मूल स्वतः जुळविते. आणि स्वतः जुळविलेला शब्द सहसा विसरत नाही.

परंतु अक्षराआधी भाषा हवी. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालवाडी सुरू केली, ती महागड्या साधनांवर नव्हे, भोवतालच्या साध्या वस्तूंवर. मग आपल्या घरी काय उणे आहे? निजताना गोष्ट सांगावी, धान्य निवडताना नावे विचारावी, धुळीत बोटाने रेघोट्या ओढू द्याव्या. बोटे वळू लागली की मग पेन्सिल.

आपले मंडळ शालान्त परीक्षेतील गुणवंतांचा सत्कार करते, हे भूषणच होय. पण त्या यशाचा पाया चौथ्या-पाचव्या वर्षी घरातच पडतो. रोज पंधरा मिनिटे मुलास मांडीवर घेऊन पुस्तक उघडावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.