नाच हवा, बोली नको



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस. कार्यक्रमपत्रिका हातात घ्या, तिच्यात एक बाब हमखास सापडेल : ‘आदिवासी नृत्य’. पडदा वर जातो. पोरांच्या तोंडाला काजळ फासलेले, कमरेला झाडपाल्याचा घागरा, डोक्यावर पिसांचा मुकुट, हातात पुठ्ठ्याचा भाला. मध्ये लाल कागदाची शेकोटी. मग आरोळ्या सुरू होतात. त्या आरोळ्यांना गोंडीत, माडियात, मराठीत किंवा तेलुगूत, कशातच काही अर्थ नसतो. पाहुणे टाळ्या वाजवितात आणि बहुधा ह्याच नाचाला बक्षीस मिळते.

आता आपण जरा विचारू या, की हे सामान आले कोठून? माडिया माणूस लंगोटी किंवा धोतर नेसत आला, बाई लुगडे नेसत आली. गळ्यात मण्यांच्या माळा, केसांत खोचलेल्या फण्या, हा तिचा साज. झाडपाल्याचा घागरा घालून भामरागडच्या बाजारात आलेली बाई माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि आपल्याही नसेल. पिसांचा मुकुट तर सातासमुद्रापलीकडचा. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत राहणाऱ्या जमातींत तो मानाचा शिरपेच असे, आणि त्यातले पीस पराक्रमाने मिळवावे लागे. सिनेमावाल्यांनी तो तेथून उचलला, सिनेमातून तो आपल्या संमेलनात उतरला आणि धानोऱ्याच्या पोराच्या डोक्यावर जाऊन बसला. म्हणजे चोरी झाली ती दोघांची, आणि दोघांपैकी एकालाही कोणी विचारले नाही.

काही हौशी शिक्षक म्हणतात, आम्ही नुसता सिनेमा पाहत नाही, पुस्तके वाचतो. ते मग रानगव्याच्या शिंगांचा मुकुट करवितात. तो खरा आहे, नाही असे नाही. पण तो दक्षिण बस्तरातल्या दंडामी माडियांचा. ग्रिग्सन साहेबाचे बस्तरच्या माडियांवरचे पुस्तक १९३८ साली निघाले. डोंगरातले माडिया वेगळे आणि शिंगवाले वेगळे, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवले. आपले भामरागड-एटापल्लीकडचे माडिया डोंगरातल्या माडियांचे सोयरे. त्यांच्या डोक्यावर शिंगे चढविणे म्हणजे कोकणच्या कोळ्याला वऱ्हाडी फेटा बांधून ‘हा पहा कोळी’ म्हणण्यासारखे झाले.

येथपर्यंत आपण हसून घेऊ. पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

एका शाळेत, गावाचे नाव कशाला, मी स्वतः पाहिले. सकाळी पहिलीच्या वर्गात एका माडिया मुलीने पाणी मागितले. तिने शब्द वापरला ‘येर’. ‘नीट बोल,’ म्हणून गुरुजी तिच्या अंगावर ओरडले. पोर गप्प बसली, ती दिवसभर गप्पच होती. संध्याकाळी त्याच पोरीला पिसे बांधून रंगमंचावर उभी केली, आणि त्याच गुरुजींनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले, की आता पहा आपल्या आदिवासी बांधवांची थोर संस्कृती. एकाच दिवसात, एकाच शाळेत, तिची बोली हिसकावली आणि तिच्या नावावर भलताच नाच खपविला. गुरुजी वाईट नव्हते. पोरांना वही-पाटी पदरची देणारा माणूस. म्हणूनच ही गोष्ट मला अधिक अवघड वाटते.

‘येर’ हा शब्द काही रानटी उच्चार नव्हे. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. सिरोंच्याकडच्या श्रोत्यांना हे चटकन पटेल, कारण तेलुगूत ओढ्याला ‘एरू’ म्हणतात. गोंडीत मोजतात ते उंडी, रंड, मूंद, नालुंग असे. तेलुगूतले रेंडू, मूडू, नालुगु शेजारी ठेवून पहा. तेव्हा पहिलीतले हे पोर वर्गात येते ते रिकाम्या डोक्याने येत नाही, एक भाषा घेऊन येते. आपण तिला ‘बोली’ म्हणतो आणि दाराबाहेर चपलांजवळ ठेवायला सांगतो.

आता माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर हा माणूस कोणत्या अधिकाराने बोलतो असे आपण म्हणाल. मी जन्माने गोंड. पण आमचे घर वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या बांधावरचे, आणि घरातली भाषा झाडीची मराठी. माझी आजी गोंडी बोले. बापाला समजे, पण तो मराठीत उत्तर देई. माझ्या वाट्याला आजीचे चाळीसेक शब्द आले. माझ्या मुलांना त्यांतले दहा येतात की नाही, कोण जाणे. हे कोणी मारून-मुटकून केले नाही. बापाला वाटले, पोराला कचेरीत, बाजारात, शाळेत कोणी हसू नये. एवढेच. आणि एवढे करूनही लोक हसले ते हसलेच, कारण झाडीत आम्ही ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘काळा’ला ‘कारा’ म्हणतो. नागपूर-पुण्याकडचा माणूस त्याची नक्कल करून चार लोकांना हसवितो, तेव्हा कसे वाटते, हे ह्या भागातल्या कुणब्याला, तेल्याला, ढिवराला, महाराला मी वेगळे सांगावयास नको. तीच झाडी मंडळी पुढे जाऊन माडियाची नक्कल करतात, ह्याची मला मौज वाटते. मौज म्हणजे खंतच.

असे मी एकटाच नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार निघाले. गोंड म्हणून नोंदलेले लोक तर देशात एक कोटीहून अधिक. म्हणजे बोली मागे टाकून आलेल्यांचीच संख्या मोठी. त्यातल्या पुष्कळांच्या पेटीत माझ्यासारखा एक पिवळा फेटा असतो. सरकारी समारंभ असला, की आम्हांला बोलावणे येते. फेटा बांधा, ‘जय सेवा’ म्हणा, दोन वाक्ये गोंडीत बोला. तेथे माझी जीभ अडते. समोर भामरागडचा एखादा पोरगा बसलेला असतो, ज्याला ही भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली आणि ज्याला कोणी मंचावर बोलावीत नाही. मग मनात येते, हा फेटा माझा की त्याच्याकडून उसना आणलेला? माझ्या आजीच्या नात्याने तो माझा आहे. माझ्या जिभेच्या हिशेबाने नाही. ह्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही, आणि आपल्यापुढे खोटे उत्तर ठेवण्याची माझी इच्छा नाही.

काही विद्वान मंडळी म्हणतील, संस्कृती म्हणजे देवघेवच. एवढा जीव का काढता? देवघेव मलाही मान्य आहे. चंद्रपूरच्या महाकालीला चैत्रात मराठवाड्यापासून यात्रेकरू येतात. ते देऊळ बांधविले गोंड राणी हिराईने. गोंडराजांचे राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले, पण परकोट अजून त्यांचाच उभा आहे. ‘तुकूम’ हे नाव चंद्रपूरकरांच्या तोंडी रोज येते. तळे बांधील त्याला जमीन देण्याची गोंडराजांची जी रीत होती, तिचे ते नाव. ह्यांपैकी कशावरही आम्ही कुलूप लावलेले नाही. यात्रेकरूला जात विचारलेली नाही. पण देवघेवीत दोन बाजू असतात. देणाऱ्याने दिलेले असते आणि घेणाऱ्याला ते कोणाचे हे ठाऊक असते. संमेलनाच्या नाचात ह्यांतले काय आहे?

बरे, दुसरी वाट कोणी चाललेच नाही, असेही नाही. आदिलाबाद भागात १९४०मध्ये कोमराम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या अभ्यासकाला तिकडे आणिले. त्याने १९४३ साली मारलावाई येथे गोंड शिक्षकांचे केंद्र काढले. तेथे गोंडी वाचनमाला वापरल्या, त्याही देवनागरीत. आपला राजुरा तालुका तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता! आणि अगदी अलीकडे, २०१९ साली, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या लोकांनी आपल्या ग्रामसभेच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. ‘गोटुल’ हेच नाव तिला दिले. २०२२ साली तिला अनधिकृत ठरवून नोटीस आली. शाळेला मान्यता असावी हे कोणालाही पटेल. पण १९५६ साली घटनेत ३५० क हे कलम घातले गेले. अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते म्हणते. १९९६चा पेसा कायदा ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार देतो. नोटीस लिहिणाऱ्याने ती पाने उलटून पाहिली असती, तर पत्राची भाषा थोडी वेगळी झाली असती, असे मला वाटते.

शिक्षक बंधुभगिनींनो, ह्या वर्षी संमेलनात नाच ठेवू नका, असे माझे म्हणणे नाही. ठेवा. पण दसऱ्याच्या आसपास एक दिवस काढून गावात जा, भूमियाला आणि म्हाताऱ्या बायकांना विचारा. रेला गाणी कोणती, ती केव्हा म्हणतात, कोणती लग्नातली, कोणती पंडुमाची. मरका पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा तोंडी लावायचा नाही, ही जेथे रीत आहे, तेथे त्या सणाचे गाणे जानेवारीत म्हणविले तर म्हातारी कपाळाला हात लावील. ती ‘हे नको’ म्हणाली, तर ते गाणे सोडून द्या. ‘हे म्हणा’ म्हणाली, तर तिलाच शाळेत बोलवा, खुर्ची द्या, आणि ध्वनिक्षेपकावर तिचे नाव नीट उच्चारा. पोशाख पोरे घरून आणतील. काजळाची डबी आणायचे कारण नाही.

आणि संमेलन वर्षातून एकदाच येते, वर्ग रोज भरतो. पहिलीच्या फळ्याचे दोन भाग करा. एका भागात पोर सांगेल तो शब्द लिहा, दुसऱ्यात आपला. येर, पाणी. मरका, आंबा. नार, गाव. गोंडी शब्दाचा उच्चार आपला चुकेल, पोरे हसतील. हसू द्या. त्या वर्गात पहिल्यांदाच गुरुजी चुकलेले आणि ती मुलगी बरोबर असेल. ती पुढे येऊन खडू मागेल, तेव्हा तिला तो द्या.